बाईंचा हिरवा बिल्ला

बाईंना ऑफिसात सगळे बाईच म्हणतात. कुणाचंही लिहिलेलं हातात आलं की त्या आधी पेन शोधतात आणि मग वाचायला लागतात, त्यामुळे हे नाव आपोआप चिकटलं. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसतो. इंजिनिअर मंडळींनी बनवलेली वस्तू कुठे मोडते हे शोधणं माझं काम, म्हणून त्या मला तोडफोडे म्हणतात. आम्हा दोघांचीही उमेद आता उताराला लागली आहे. दुपार कलली की आमच्या कोपऱ्यात जांभयांची चढाओढ सुरू होते आणि तीत बाई जिंकतात.

आमची कंपनी लिफ्टचे कंट्रोलर बनवते. कंट्रोलर म्हणजे लिफ्टच्या मोटारीजवळ भिंतीवर लावलेला डबा. कुठल्या मजल्यावर थांबायचं, दार कधी उघडायचं, हे सगळं तो डबा ठरवतो. तो बसवायचा कसा, बिघडला तर काय करायचं, हे बाई लिहितात आणि आमच्या वेबसाइटवर चढवतात. ही पानं कुणी घरी लोळत वाचत नाही. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस केबिनच्या छतावर, अंधारात, उकिडवा बसलेला असतो. एका हातात पाना, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनवर बाईंचं पान. पान चुकलं तर त्याचा हात जाईल, पाय जाईल, नाहीतर तोच जाईल.

बाई हे विसरत नाहीत, कारण विसरायची सोयच नाही. तसा छतावर बसणारा एक माणूस त्यांच्या घरात आहे. नवरा.

त्यांचं लग्नही एका चुकीच्या पानावरून जमलं. तेव्हा साइट नव्हती, जाडजूड पुस्तक असायचं आणि शेवटच्या पानावर फोन नंबर. एक दिवस फोन आला. "लाल वायर जोडा असं लिहिलंय. इथे लाल दोन आहेत. लिहिणारा शहाणा कोण आहे, त्याला द्या जरा." बाई म्हणाल्या, "शहाणी आहे. बोला." मग तळघरात जाऊन त्यांनी डबा उघडला. लाल वायरी खरोखरच दोन होत्या. त्यांनी उलट फोन करून चूक कबूल केली आणि वर आभारही मानले. समोरच्या माणसाला हे नवीन होतं. पुढच्या आठवड्यात त्याने दुसरी चूक शोधून फोन केला, मग तिसरी. पुढे पुढे तो बरोबर असलेल्या पानांबद्दलही फोन करायला लागला, तेव्हा ऑफिसातल्या लोकांना काय ते समजलं. आम्ही सगळे त्याला मिस्त्री म्हणतो. दोघांचं पोट लिफ्टवर, आणि राहतात मात्र लिफ्ट नसलेल्या इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर. मी एकदा त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो, तेव्हा जिन्यातच माझी भूक मेली.

त्या दोन लाल वायरींनंतर बाईंनी एक रीत पाडली. स्वतः करून बघितल्याशिवाय लिहायचं नाही. आमच्या तळघरात एक खोटी लिफ्ट आहे. लोखंडी चौकट, मोटार, केबिनच्या जागी वजनं लावलेली एक फळी, आणि बाजूला कंट्रोलर. बाई आपणच लिहिलेलं पान घेऊन खाली जातात आणि आपण काहीच जाणत नाही असं धरून ओळीओळीने करत जातात. अडकल्या की पेन निघतं. पूर्वी त्यांच्या हाताखाली दोघं जण होते, तेव्हा हे जमायचं. एक जण चांगल्या नोकरीवर गेला, दुसरी सोडून गेली तिच्या जागी कुणी घेतलंच नाही. पानं मात्र वाढत राहिली. इंजिनिअर लोक नवीन काहीतरी घालून मोकळे होतात, बाजारात माल गेल्यावर मग आठवतं की हे लिहायचंही असतं. वरातीमागून घोडं, आणि त्या घोड्यामागून बाई.

बरीच पानं अशी होती की लिहिली तेव्हा खरी होती, आणि नंतर डब्यातला प्रोग्रॅम बदलला तरी पान तसंच राहिलं. बाईंना ते ठाऊक होतं. कुठली पानं, तेवढं ठाऊक नव्हतं.

अशात आमच्याकडे नवे साहेब आले. तसे वाईट नाहीत. वयाने आमच्याहून बरेच लहान, बोलताना दर दोन वाक्यांनी 'फटाफट' म्हणतात, म्हणून आम्ही पाठीमागे त्यांना फटाफट म्हणतो. एक दिवस ते बाईंच्या टेबलाच्या कडेला टेकून म्हणाले, "बाई, आपली साइट अगदी मरगळलेली दिसते हो. इतर कंपन्यांच्या बघा, प्रत्येक पानापुढे रंगीत बिल्ला असतो. तपासलेलं, नवीन, जुनं. बघणाऱ्याला बरं वाटतं. त्याचं एक प्लगिन मिळतं, फुकट आहे. टाकून द्या ना, फटाफट होईल."

घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं. पण बाईंना कल्पना आवडली, हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं. ती जरा ताठ झाली. ते प्लगिन, म्हणजे साइटला जोडायचा छोटा तयार प्रोग्रॅम, बसवायला मात्र त्यांचा जीव मेटाकुटीला आला. आधी आमच्या साइटचा प्रोग्रॅम जुना निघाला. तो नवा केला तर साइट कोरी करकरीत झाली, एक अक्षर दिसेना. मी बाजूला बसून शिव्या देण्याचं काम केलं. शेवटी ते चाललं. पद्धत साधी होती. पानाच्या डोक्यावर एक ओळ लिहायची, की पान तपासलेलं आहे. प्लगिन ती ओळ वाचून डावीकडच्या यादीत त्या पानाच्या नावापुढे हिरवा बिल्ला लावी. ज्या पानावर ओळ नसेल त्याला आपोआप पिवळा बिल्ला लागावा, 'तपासायचं आहे' असा, ही सोय बाईंनी स्वतः करून घेतली.

पहिल्या दिवशी यादी उघडली तर वरपासून खालपर्यंत सगळी पिवळीधमक.

"बाई, हे हात दाखवून अवलक्षण आहे," मी म्हटलं.

"अवलक्षण आहेच, तोडफोडे," त्या म्हणाल्या. "आजवर दिसत नव्हतं, एवढंच."

मग त्यांनी पानं तपासायला घेतली. रोजचं काम आटोपलं की तळघर. गुडघे दुखतात म्हणून जिना उतरताना कठडा धरायच्या, आणि चढताना मधेच थांबून कुणाशी तरी बोलल्यासारखं करायच्या. एक पान पुरं झालं की वर येऊन ती ओळ लिहायची. एक पिवळा जाऊन एक हिरवा यायचा. फटाफट येता-जाता स्क्रीनकडे बघून तोंड वाकडं करायचे. मोठा ग्राहक भेटीला येणार होता, त्याला ही कावीळ झालेली यादी दाखवायची कशी, हा त्यांचा घोर. त्यांच्याही डोक्यावर कुणीतरी बसलेलं होतंच.

पण पिवळ्या बिल्ल्याचा एक उपयोग झाला जो कुणाच्या डोक्यात नव्हता. बाईंचे मिस्त्री पिवळं बघून थांबायला लागले. बाईंचा फोन वाजायचा आणि मला इकडून ऐकू यायचं, "अहो, आधी छतावरून खाली उतरा, मग बोला. कुठलं पान? थांबा, बघून सांगते." मग बाई खाली जायच्या, करून बघायच्या, फोन करायच्या. कधी पान बरोबर असायचं, कधी नसायचं. या फोनांमुळे तपासणीचं काम आणखी मागे पडत होतं, पण बाई त्या दिवसांत थकलेल्या असूनही खूश होत्या. मला म्हणाल्या, "लग्नाआधीसारखे फोन यायला लागलेत बघा."

चूक झाली ती त्यानंतर, आणि ती बाईंच्याच हातून झाली. इतर कुठल्या धंद्यात अशी चूक होणार नाही. आमच्या साइटवर प्रत्येक विभागाला एक प्रस्तावनेचं पान असतं. 'दुरुस्ती' विभागाचंही आहे. या विभागात काय काय आहे, हे सांगणाऱ्या चार ओळी. तपासण्यासारखं त्यात काही नाही. बाई त्या दिवशी दमून वर आल्या होत्या, चष्मा कपाळावर, डोळे मिटायला आलेले. निदान हे एक सोपं पान उरकावं म्हणून त्यांनी त्या चार ओळी वाचल्या, वर 'तपासलेलं' अशी ओळ लिहिली आणि घरी गेल्या. पण प्लगिनच्या लेखी प्रस्तावनेचं पान म्हणजेच अख्खा विभाग. बापाचं आडनाव पोरांना लागतं तसा तो हिरवा बिल्ला आतल्या सगळ्या बिनओळीच्या पानांना लागला. बाईंच्या स्क्रीनवर तो विभाग मिटलेला होता. मिटलेल्या यादीत काय हिरवं झालं हे कुणाला दिसणार?

दुसऱ्या दिवशी मिस्त्री एका जुन्या इमारतीत कामावर होते. कंट्रोलरमधला एक भाग बदलायचा होता. पानावर लिहिलं होतं की लिफ्ट दुरुस्तीच्या मोडवर टाका, म्हणजे ती आपोआप हलणार नाही, मग भाग बदला, वीज परत द्या. मोड तसाच राहतो. पान हिरवं होतं. त्यांनी फोन केला नाही. जोडीदाराने खालून वीज दिली आणि लिफ्टने मोड विसरून आपली रोजची सवय धरली. वीज आली की तळमजल्याला जाऊन यायचं. नव्या प्रोग्रॅममध्ये वीज गेली की मोड पुसला जायचा, आणि पान जुनं होतं. छतावर बंद करायचं बटण असतं, पण त्या इमारतीतलं बटण केव्हाच गंजून बसलं होतं. मिस्त्री केबिनच्या छतावर होते, एक पाय भिंतीच्या कंगोऱ्यावर. केबिन हलली तसा त्यांनी पाय ओढून घेतला. हत्यारांची पेटी कंगोऱ्यावरच राहिली, ती चेपून पत्र्यासारखी झाली.

हे मला बाईंनी सांगितलं, दुसऱ्या दिवशी सकाळी, तळघरात. त्या माझ्या आधी येऊन बसल्या होत्या. प्रस्तावनेवरची ओळ त्यांनी घरूनच काढून टाकली होती, विभाग पुन्हा पिवळा झाला होता. आता त्या खोट्या लिफ्टवर तेच पान करून बघत होत्या. वीज बंद, वीज चालू. फळी खाली जायची. पुन्हा बंद, पुन्हा चालू. पुन्हा फळी खाली.

"बाई, पुरे," मी म्हटलं. "कळलं आता."

"रागावले नाहीत हो ते," त्या म्हणाल्या. "जेवताना सहज सांगितलं. म्हणाले, हिरवं होतं म्हणून तुला त्रास दिला नाही. मला त्रास नको म्हणून."

मी उगीच जमिनीवर पडलेले स्क्रू गोळा करायला लागलो. अशा वेळी माझ्या तोंडून नेमकं नको ते निघतं, असा माझा अनुभव आहे.

"आणि मी काय केलं सांगू? जेवण झाल्यावर त्यांना म्हटलं, अहो, आजपासून माझं लिहिलेलं वाचू नका. आधी मला विचारा. काहीही असू दे, हिरवं असू दे, मला विचारा." त्यांनी मोटारीचा खटका खाली केला. "आयुष्य गेलं हे लिहिण्यात. आणि घरच्या माणसाला काय सांगितलं, तर वाचू नका. आणि ते निजल्यावर सुचलं की हे मी त्यांना एकट्यालाच सांगितलं. बाकी जे वाचतात, त्यांना कोण सांगणार?"

मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. कुणावर, ते ठरवता येईना. त्या प्लगिनवर रागावण्यात अर्थ नव्हता. त्याने सांगितलेलं केलं होतं.

वर गेलो तर फटाफट बाईंच्या टेबलाशी उभे. त्यांनी आदल्या दिवशी हिरवा विभाग बघितला होता आणि ते हरखले होते. आज पिवळा बघून चेहरा पडलेला.

"बाई, काल छान हिरवं झालं होतं की. एका ओळीत अख्खा विभाग. मी म्हटलं वा, बाईंना युक्ती सापडली. तेच सगळीकडे करून टाका, ग्राहक यायच्या आत फटाफट."

"ती युक्ती नव्हती, चूक होती," बाई म्हणाल्या. आणि त्यांनी काय झालं ते सांगितलं. पेटीचं सांगितलं, पायाचं सांगितलं. नवऱ्याचं आहे हेही सांगितलं.

फटाफट खरोखर हादरले. खुर्ची ओढून बसले, मिस्त्री कसे आहेत ते दोनदा विचारलं. मग म्हणाले, "ते पान आजच्या आज दुरुस्त करा."

"केलं सकाळीच."

"मग झालं तर."

"नाही झालं," बाई म्हणाल्या. "ते एक पान मला कळलं, कारण तिथे माझा माणूस होता. अशी आणखी किती आहेत ते मला माहीत नाही. ती हिरवी करू नका. मला एक माणूस द्या हाताखाली, सगळी करून बघते. तोवर पिवळी राहू द्या."

"बाई, माणूस कुठून आणू? आहेत तेच कमी करा म्हणतात. आणि पिवळं बघून ग्राहक काय म्हणेल, यांचं यांनाच माहीत नाही?"

"बरोबरच म्हणेल."

फटाफट कसनुसं हसले. मग हळू आवाजात म्हणाले, आणि मला वाटतं त्यांच्या मते ते मदतच करत होते, "तुमच्या मिस्टरांना सांगून ठेवा ना, जपून करायला."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "त्यांना सांगितलंय," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर आवाज चढला नाही, भांडण झालं नाही. आमच्याकडे गोष्टी गुपचूप होतात. आठवडा संपायच्या आत साइटवर बदल करायचा बाईंचा अधिकार काढला गेला. 'कामाचा भार कमी व्हावा म्हणून', असं पत्रात लिहिलं होतं. आता बाईंनी लिहायचं, पाठवायचं, आणि फटाफटांच्या खोलीतलं कुणीतरी ते चढवणार. त्याच कुणीतरी प्रत्येक विभागाच्या प्रस्तावनेवर ती ओळ लिहिली. साइट हिरवीगार झाली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. ग्राहक आला, यादी बघून मान डोलावून गेला. फटाफटांनी आम्हा सगळ्यांना चहा पाजला. बाईंनी घेतला. टाकायचा कशाला, म्हणाल्या.

मी वरच्या लोकांना दोनदा लिहिलं. पहिल्यांदा उत्तर आलं की नोंद घेतली आहे. दुसऱ्यांदा उत्तर आलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

"सोडून का देत नाही हे?" मी बाईंना विचारलं. आम्ही जिना चढत होतो आणि त्या मधे थांबल्या होत्या, या वेळी बोलल्याचं सोंगही न करता.

"सोडलं तर लिफ्ट कुठून आणू? घरी तर नाही," त्या म्हणाल्या. "त्यांचा फोन आला तर बघून सांगायला खाली ही लागते."

मिस्त्री आता प्रत्येक पानाला फोन करतात. शिवाय त्यांनी आपल्या कंपनीतल्या लोकांना सांगितलं की बिल्ल्यावर जाऊ नका, या नंबरवर विचारा. त्यांनी आणखी कुणाला सांगितलं. त्यामुळे बाईंचा फोन दिवसभर वाजतो. फोन आला की त्या उठतात, कठडा धरून खाली जातात, करून बघतात, वर येतात, सांगतात. बरोबर निघालं तर मला आनंद होतो. बाईंना होतो की नाही कळत नाही, एवढ्या थकलेल्या असतात. चुकलेलं असलं तर दुरुस्त करून वर पाठवतात. ते कधी चढतं, कधी पडून राहतं. चुकीच्या पानाचाही बिल्ला मधल्या काळात हिरवाच असतो.

परवा असाच एक अनोळखी माणसाचा फोन आला. बाई काहीतरी लिहीत होत्या म्हणून त्यांनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. माणूस लांबचा वाटत होता, मागे यंत्रांची घरघर. त्याने नंबर कुणाकडून मिळाला ते सांगितलं आणि ब्रेकच्या पानाबद्दल विचारलं. बाई म्हणाल्या, थांबा, बघून सांगते, तोवर काही करू नका. खाली जाऊन आल्या. पान चुकीचं होतं. तिसरी आणि चौथी पायरी उलटसुलट होती. त्यांनी त्याला सावकाश समजावलं, त्याच्याकडून वदवून घेतलं.

"बरं झालं विचारलं बाई," तो म्हणाला.

"तुमच्याकडे आणखी कोण करतं हे ब्रेकचं काम?"

"आहेत ना, बरेच जण आहेत."

"त्यांना द्या माझा नंबर."

"दिला होता. ते म्हणतात कशाला विचारायचं, हिरवं आहे की."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आत्ता कुठे आहेत ते?"

"कामावर गेलेत," तो म्हणाला. "वर चढले असतील."